नाव नसलेल्या देवाच्या दाखल्याची कहाणी

विषय : हौसा, राहणार कुंभारवाडा, हिच्या लग्नासाठी कुलदैवताचा दाखला मिळण्याबाबत.
संदर्भ : हौसाची आई कोंडाबाई कुंभारीण हिचा अर्ज, व त्यावरचे तीन शेरे.
वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, ऐकणाऱ्यांनी हातात अक्षता घेऊन बसावं, मध्येच उठू नये, आणि कहाणी संपेपर्यंत शेजारणीच्या सुनेचा विषय काढू नये.

ऐका हो, नाव नसलेल्या देवा, तुमची कहाणी.

नगर होतं, आटपाट होतं. नगराला राजा होता, राजाला दफ्तर होतं, दफ्तराला दफ्तरदार होता. त्याचं नाव नागोपंत. नगरात माणसं पुष्कळ, देव त्याहून पुष्कळ. कुणाचा डोंगरावरचा, कुणाचा नदीकाठचा, कुणाचा शेताच्या बांधावरचा. राजानं एकदा हुकूम काढला. लग्न ठरलं की दोन्ही घरांनी आपापल्या कुलदैवताचा दाखला दफ्तरातून घ्यावा. दाखला नाही, तर लग्न नाही. हुकूम का काढला ते पुढं राजाला आठवेना. दफ्तराला आठवायची गरज नव्हती.

दाखल्यात पाच रकाने होते. देवाचं नाव, देवाचं ठाणं, देवाचं वाहन, देवाचा वार, देवाचा नैवेद्य. लोक यायचे, नाव सांगायचे, नागोपंत लिहायचा, शिक्का मारायचा. तीस वर्षं त्यानं हेच केलं. कुठला देव कुठल्या वाहनावर बसतो, ते त्याला देवांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नगराच्या कडेला कुंभारवाडा होता. तिथं कोंडाबाई राहायची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच पावसाळ्यात नदीला पूर आला. हौसा पोटात होती, कोंडाबाई माहेरी होती. परत आली तर नवरा नाही, सासू नाही, सासरा नाही. भावकीची तीन घरं होती, तिन्ही माणसांसकट गेली. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. देव्हाऱ्याच्या कोनाड्यातून देवांचे टाकही वाहून गेले. कोनाडा राहिला. ओला, रिकामा.

ते टाक कुठल्या देवाचे होते, ते कोंडाबाईला ठाऊक नव्हतं. नव्या सुनेनं वर्षभर देवाला हात लावायचा नाही, अशी त्या घरची रीत. सासू पूजेला बसायची, पदर डोईवर ओढायची, तोंडातल्या तोंडात नाव घ्यायची. सुनेनं विचारलं, "आत्याबाई, आपला देव कुठला?" सासू म्हणाली, "घाई काय आहे? दिवाळीनंतर गोंधळ घालू, तेव्हा कळेल." दिवाळीला विचारायला सासू नव्हती, सांगायला कुणी नव्हतं. लग्नात घेतलेला दाखला टाकांबरोबर वाहून गेला, दफ्तरातली नोंदही त्याच पुरात भिजून पुसली.

मग कोंडाबाईनं काय केलं? कोनाडा सारवला. चाकावर एक पणती घडवली, भट्टीत भाजली, कोनाड्यात लावली. हात जोडले. म्हणाली, "देवा, तुझं नाव मला कुणी सांगितलं नाही. सगळ्या नावांच्या वर जो आहे, त्याला मी दिवा लावते. आत्याबाईंचा देव त्यात आलाच." असं रोज केलं. अठरा वर्षं केलं.

हौसा मोठी झाली. चाक फिरवू लागली. पल्याडवाडीच्या कुंभारांनी तिला पाहिलं, मुलाचं नाव सावळा, त्यानंही पाहिलं. पसंती झाली, साडी झाली, मार्गशीर्ष पंचमीचा मुहूर्त ठरला. मग मुलाकडचे म्हणाले, "आमचा दाखला काढलाय. तुमचा काढा."

कोंडाबाई दफ्तरात आली. उन्हात उभी राहिली, सावली आली तरी उभी राहिली. नागोपंतानं मान वर न करता विचारलं,

"देवाचं नाव?"

"ठाऊक नाही, पंत."

"ठाणं?"

"आमचा कोनाडा."

"वाहन?"

"दिसलं नाही कधी. पायीच येत असेल."

दफ्तरातले बाकीचे हसले. नागोपंताला आपल्या दफ्तरात दुसऱ्याच्या बोलण्यावर हसलेलं खपत नसे. म्हणाला, "बाई, ही थट्टेची जागा नव्हे. वार कोणता? नैवेद्य कसला?"

"रोजच दिवा लावते. जी भाकरी आम्ही खातो, तिचा तुकडा ठेवते."

नागोपंतानं पहिला शेरा लिहिला. 'नाव नमूद नाही. अर्ज परत.'

शेजारी कारकुनी करणारा एक जण हळूच म्हणाला, "मावशी, लिही की कुठलंही नाव. कोण तपासायला जातोय?"

कोंडाबाई म्हणाली, "नको रे बाबा. खोट्या नावानं हाक मारायची, तर येणाऱ्यानं यावं तरी कुठं?"

हे ऐकलं आणि नागोपंताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. का तापल्या, ते पुढं येईल. तो खेकसला, "उभी काय राहिलीस? पुढचा कोण?"

आठ दिवसांनी कोंडाबाई पुन्हा आली. लिहिणाऱ्याकडून लिहून आणलं होतं. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सगळ्या देवांच्या वरचा देव.' नागोपंतानं वाचलं. मिशीत हसला. म्हणाला, "असं का? म्हणजे महादेवाच्या वर? विष्णूच्या वर? देवीच्याही वर?"

"वर म्हणजे डोक्यावर बसलेला नव्हे, पंत. सगळ्यांच्या आत असतो तो."

"आत का वर, एक काय ते ठरव. आणि त्या तिघांची हरकत नाही ना? तशा चिठ्ठ्या आण." आणि त्यानं दुसरा शेरा लिहिला. 'तिन्ही देवळांकडून हरकत नसल्याच्या चिठ्ठ्या जोडाव्या.'

त्याला वाटलं, बाई आता येत नाही. देवळं आपापसांत पालखीच्या मानावरून भांडत होती. तिथून चिठ्ठी निघणं म्हणजे दगडातून दूध निघणं.

कोंडाबाई महादेवाच्या देवळात गेली. गुरव बेल निवडत होता. त्याला सगळं सांगितलं. गुरव म्हणाला, "माझा महादेव पाहिलास ना? डोळे मिटून बसलाय. माझा बा म्हणायचा, हा ध्यान करतोय. मी लहानपणी विचारलं, हाच सगळ्यांत मोठा, तर हा कुणाचं ध्यान करतो? बानं कानाखाली दिली, उत्तर दिलं नाही. तेव्हापासून मी तो विचार सोडलेला नाही. लिही, हरकत नाही." आणि अंगठा दिला.

मग कोंडाबाई विष्णूच्या देवळात गेली. पुजारी पोथी बांधत होते. त्यांना सगळं सांगितलं. पुजारी म्हणाले, "बाई, मी रोज देवाची हजार नावं म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतो. हजार कशाला लागतात? एकानं भागत नाही म्हणून. हजारांनीही भागत नाही, म्हणून उद्या परत म्हणायची. तू एकही घेत नाहीस. आपण दोघं एकाच ठिकाणी अडकलोय. लिही, हरकत नाही." आणि सही दिली.

मग कोंडाबाई देवीच्या देवळात गेली. देवीची पुजारीण, भोपीण, गाभारा झाडत होती. तिला सगळं सांगितलं. भोपीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लेकरू रडतं ते 'आई' म्हणून रडतं, का आईचं माहेरचं नाव घेऊन रडतं? आईची हरकत असायला ती काय दफ्तरात कामाला आहे? आण इकडं कागद." आणि हळदीचा हात उमटवला.

मग कोंडाबाई तीन चिठ्ठ्या घेऊन तिसऱ्यांदा दफ्तरात आली. पंचमीला चार दिवस राहिले होते. हौसाही बरोबर होती. नागोपंतानं पहिली चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. तिसरीची हळद बोटाला लागली. आता दाखला देण्यावाचून इलाज नव्हता. पण ज्याला नाही म्हणायची सवय झाली, त्याला होय म्हणताना जीभ जड होते. त्यात बाकीचे सगळे बघत होते.

म्हणाला, "हे तिघांचं झालं. ज्याचा दाखला मागतेस, त्याची स्वतःची संमती कुठं आहे?"

हौसा बोलली. "काका, ती कशी आणायची?"

"ते मी काय सांगू? ज्याचा देव, त्यानं बघावं." आणि त्यानं तिसरा शेरा लिहिला. 'दैवताची संमती जोडलेली नाही. अर्ज परत.'

मायलेकी घरी गेल्या. पंचमी आली. पंचमी गेली. पल्याडवाडीहून निरोप आला, 'दाखला नाही, आम्ही दुसरीकडं बघतो.' हौसानं साडीची घडी घातली, परत पाठवली, आणि चाकावर जाऊन बसली. त्या दिवशी तिच्या हातून एकही मडकं सरळ उतरलं नाही. कोंडाबाईनं दिवा लावला. हात जोडले. मागितलं काहीच नाही. काय मागावं ते तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दफ्तरावरून बाजाराला चालली होती. डोक्यावर मडक्यांची पाटी होती. नागोपंत दारात उभा होता. तिनं त्याला ओळखलं, पाटी सावरली, आणि साधेपणानं म्हणाली, "पंत, त्या दाखल्याची आता घाई नाही हो. सवडीनं द्या."

रागानं म्हणाली असती, तर नागोपंतानं उलट उत्तर दिलं असतं. रडत म्हणाली असती, तर नियम दाखवला असता. ती तशी म्हणालीच नाही. पाटी घेऊन पुढं गेली.

नागोपंत घरी आला. दुपारचं पान मांडलं होतं. त्याआधी पूजा. तो देवासमोर बसला. समोर चांदीचा टाक होता. ज्योतिबाचा. घोड्यावर बसलेला, हातात तलवार. तीस वर्षं तो त्याला गंध लावत होता. त्या दिवशी गंधाचं बोट उचललं आणि तिथंच राहिलं.

का राहिलं, ते आता ऐका.

नागोपंताचा आजा कुठल्या तरी मुलखातून दुष्काळात आला. येताना पोरं आणली, देव आणायचे राहिले. बाप लहानपणी पोरका झाला. नागोपंत दफ्तरात लागायला आला, तेव्हा त्यालाही विचारलं, "कुलदैवत?" त्याला ठाऊक नव्हतं. रांगेत त्याच्या पुढं एक साळी होता. त्यानं सांगितलं होतं, 'ज्योतिबा, डोंगर, घोडा, रविवार, पुरणपोळी.' नागोपंतानं तेच पाच रकाने सांगितले. नोकरी लागली. मग टाक घडवला. मग लग्न झालं, बायको आली, तिनं त्या टाकाला मनोभावे हळदकुंकू वाहिलं. खोटं एकदाच सांगितलं होतं. नंतर फक्त रोज पूजा केली. ज्याच्या स्वतःच्या देवाचंच नाव उसनं, तो दुसऱ्याच्या नावाला फार कडक असतो, एवढंच.

नागोपंत पानावर बसला. घास उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. तिसरा उचललाच नाही. त्याची बायको सगुणाबाई म्हणाली, "आज काय बिनसलं? भाजी खारट आहे का?"

"भाजी बरी आहे. मी बरा नाही."

"वैद्याला बोलावू?"

"नको. ऐक." आणि मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. रांग सांगितली, साळी सांगितला, टाक सांगितला. कोंडाबाई सांगितली. शेवटी म्हणाला, "तीस वर्षं तुला परक्या देवाची पूजा करायला लावली."

सगुणाबाईनं हातातली वाढायची पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "अहो, याच्यापुढं मी नवस बोलले, फेडले. आपल्या सदूला देवी आल्या, तेव्हा तीन दिवस इथून उठले नाही. मी हाक मारली ती उसन्या नावानं, असं तुम्ही आज सांगता. मग ओ दिली ती कुणी?"

नागोपंतानं देव्हाऱ्याकडं पाहिलं.

"मला तर कुणी संमती मागितली नाही," सगुणाबाई म्हणाली. "आणि त्या बाईला तुम्ही देवाचीच संमती आणायला सांगितलीत? मला तुमच्या उसन्या देवाची लाज वाटत नाही. त्या शेऱ्याची वाटते." आणि ती आत गेली. पान तसंच राहिलं.

मग नागोपंत उठला. पगडी हातात घेतली, डोक्यावर ठेवली नाही. कुंभारवाड्यात गेला. लोक बघत होते. कोंडाबाईच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत कोनाडा दिसत होता. सारवलेला, रिकामा, पणतीपुरता उजेड असलेला. त्यानं आयुष्यभर सवयीनं नोंद केली तशी मनात नोंद केली : लांबी एक वीत, रुंदी एक वीत, आतील वस्तू काही नाही. नोंद झाली आणि हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले, ते लिहायला रकाना नव्हता.

"बाई, चुकलो," नागोपंत म्हणाला.

"बाहेर का उभे? आत या," कोंडाबाई म्हणाली.

"आत यायचं तोंड नाही. तू काय वसा वसतेस, तो मला सांग."

"तुम्हाला हो वसा कशाला? घ्याल, चार जणांत मिरवाल, दुसऱ्याला कमी लेखाल."

"मिरवणार नाही. मिरवण्यासारखं उरलं नाही."

"मग ऐका. कोनाडा रिकामा ठेवावा. त्यात आपला देव सोडून दुसऱ्याचाही मावेल एवढा रिकामा ठेवावा. दिवा लावावा. ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याला नमस्कार करावा. आणि दारी आलेल्याला, तू कुठल्या देवाचा, असं विचारू नये. एवढाच वसा."

"विचारू नये?" नागोपंत म्हणाला. "माझी नोकरीच ती आहे."

"म्हणून तुम्हाला अवघड जाईल," कोंडाबाई म्हणाली, आणि त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मग नागोपंतानं अर्ज मागून घेतला. आता बायांनो, इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला जीभ रेटत नाही. राजाच्या हुकमात एक नियम होता. अर्ज परत केला, तर लग्न अडतं. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, तर निकाल लागेपर्यंत लग्न कुणालाही अडवता येत नाही. हा नियम नागोपंताला तीस वर्षं पाठ होता. पहिल्या दिवशी अर्ज ठेवून घेतला असता, तर पंचमीचं लग्न पंचमीला झालं असतं. त्यानं तो नियम कोंडाबाईला सांगितला नाही. तिनं विचारला नव्हता.

दफ्तरात जाऊन त्यानं तिन्ही शेरे खोडले, अर्ज दाखल केला, पोच लिहिली, शिक्का मारला. आणि पोच घेऊन स्वतः पल्याडवाडीला गेला. चालत गेला.

सावळ्याच्या घरी बैठक बसली. सावळ्याची आजी येसूआजी खांबाला टेकून बसली होती. नागोपंतानं पोच पुढं ठेवली. म्हणाला, "लग्न मोडलं ते मुलीच्या दोषानं नाही, माझ्या दोषानं." आणि सगळ्यांसमोर आपली रांग सांगितली, आपला साळी सांगितला, आपला टाक सांगितला. एक जण म्हणाला, "वा! दाखले वाटणाऱ्याचाच दाखला खोटा!" लोक हसले. नागोपंतानं ते हसू ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं.

येसूआजी हसली नाही. तिनं विचारलं, "ते राहू दे. त्या कोनाड्यात आहे कोण? पोरगी घरात आणायची, तर मला कळायला हवं."

हाच प्रश्न नागोपंतानं हजारांना विचारला होता. आज त्याला आला. त्यानं हातातली पगडी खाली ठेवली. मग म्हणाला,

"आजी, नाव मला ठाऊक नाही. एवढंच सांगतो. माझं खोटं दफ्तरात कुणाला ठाऊक नव्हतं. घरात ठाऊक नव्हतं. तो साळी कधीच वारला. कुणी म्हणजे कुणी बघत नव्हतं. तरी तीस वर्षं रोज गंध लावताना मला लाज वाटायची. ती कुणापुढं वाटायची? जो बघत होता, तो असेल कोनाड्यात. दुसऱ्या कुणाशी माझी ओळख नाही."

येसूआजीनं आपल्या देव्हाऱ्याकडं पाहिलं. म्हणाली, "आमच्या टाकातूनही बघणारा तोच असणार. बिरोबा म्हणतो आम्ही त्याला. तो नाव घेतल्यावर येतो, न घेतल्यावरही येतो. मला पुष्कळदा नको असताना आलाय." मग सावळ्याला म्हणाली, "अरे, खाली मान घालून काय बसलास? ती साडी आण बाहेर. परत आली ती घडी मोडायची राहिली आहे."

मग दशमीचा मुहूर्त धरला. लग्न झालं. हौसा सासरी गेली, जाताना कोनाड्यातली पणती घेऊन गेली. कोंडाबाईनं दुसरी घडवली. येसूआजीनं बिरोबाशेजारी वीतभर जागा रिकामी करून दिली. हौसाचा संसार झाला, चाक फिरलं, मडकी सरळ उतरली. नागोपंताच्या घरी टाक आहे तिथंच राहिला, गंध रोज लागलं. सगुणाबाई त्याच्याशी चार महिने मोजकं बोलली, मग नेहमीसारखं बोलू लागली. दफ्तरात तो पाच रकाने विचारतो, पण मान वर करून विचारतो. उत्तर आलं नाही, तर अर्ज ठेवून घेतो.

जशी नागोपंताला उशिरा लाज वाटली, तशी तुम्हाआम्हाला वेळेवर वाटो. जसा कोंडाबाईला नाव न घेता देव भेटला, तसा नाव घेणाऱ्यांनाही भेटो. साठ उत्तरं होती, पाचांत आटोपली. कहाणी सुफळ झाली. संपूर्ण झाली म्हणता येत नाही, कारण कोंडाबाईचा अर्ज नावाच्या रकान्यात काही न लिहिता राजाकडं पाठवला, तो 'पूर्तता करून पुन्हा सादर करावा' म्हणून तीनदा परत आला, व चौथ्यांदा पाठवला आहे. नागोपंतानं स्वतःच्या कुलदैवताबाबत खरा अर्ज केला, त्यातही तो रकाना रिकामा आहे. तो अर्ज कोंडाबाईच्या अर्जाखाली जोडून पाठवला आहे. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.